वादळानंतर किनाऱ्यावरच्या पाणथळ जागी हिवाळी पक्षीनिरीक्षण: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात वादळ येऊन गेलं की खाडी, खाजणं, कांदळवनाच्या कडा, मिठागरं सगळीकडे पक्ष्यांची उलथापालथ झालेली असते आणि मग बरेच जण विचारतात की कधी जायचं, काय बघायचं, काय करायचं नाही. तेच प्रश्न इथे घेतलेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, भरती आणि अंतर या दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे.

वादळ गेल्यावर नेमकं कधी निघायचं?

वारा आणि इशारा चालू असताना नाही. हवामान खात्याने इशारा मागे घेतला, वारा उतरला, की मग. विजा चालू असतील तर शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून निदान ३० मिनिटं उघड्यावर जायचं नाही, पाणथळ जागेत सगळ्यात उंच वस्तू बहुतेक वेळा आपणच असतो.

पण फार उशीरही करू नका. भर समुद्रातले पक्षी, म्हणजे पेट्रेल, शिअरवॉटर, स्कुआ, फ्रिगेटबर्ड, बूबी, हे वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकलले जातात आणि वारा पडला की ज्यांच्या अंगात ताकद आहे ते पटापट परत निघतात, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस महत्त्वाचे. चिखलातल्या पक्ष्यांची गोष्ट वेगळी, त्यांची जागा बदललेली पुढे बरेच दिवस दिसत राहते.

मग नेहमीपेक्षा वेगळं काय दिसतं?

एक तर वर सांगितलेले समुद्री पाहुणे. त्यात फॅलरोप नावाचा चिमुकला पक्षी मिळाला तर थांबून बघाच, तो पाण्यावर तरंगत स्वतःभोवती गरागरा फिरतो, त्या फिरण्याने खालचं पाणी वर ओढलं जातं आणि त्यासोबत आलेले बारीक किडे तो टोचून टोचून खातो. एरवी तो हिवाळा भर समुद्रात काढतो, वादळानंतर मात्र मिठागराच्या एखाद्या उथळ कप्प्यात एकटाच फिरत असलेला सापडू शकतो.

दुसरं म्हणजे पाणी गढूळ झाल्याचा परिणाम, हे फार कमी लोक लक्षात घेतात. सुरय, खंड्या, ऑस्प्रे हे डोळ्याने मासा बघून सूर मारणारे, गढूळ पाण्यात त्यांची पंचाईत होते, म्हणून ते आतल्या शांत तळ्यांकडे, बांधाआडच्या पाण्याकडे सरकतात. उलट चमचे (स्पूनबिल पक्षी), गॉडविट, कर्ल्यू हे चोचीच्या स्पर्शाने अन्न शोधतात, त्यांचं गढूळ पाण्याने तेवढं अडत नाही. म्हणजे नेहमीच्या जागी सुरय दिसला नाही तर तो गेला असं समजू नका, आधी मागच्या बाजूचं पाणी बघा.

आणि तिसरं, लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेली शेवाळ-कचऱ्याची ओळ. ही ओळ म्हणजे नुसता कचरा नसतो, त्यात किडे, बारीक खेकडे, शिंपल्यातले जीव अडकलेले असतात. टर्नस्टोन तिथे अक्षरशः चोचीने शेवाळ उलथवून खाली काय आहे ते बघतो. म्हणून सफाईच्या उत्साहात प्लास्टिक जरूर उचला पण शेवाळ तिथेच राहू द्या.

भरती-ओहोटीचं एवढं काय महत्त्व आहे? सकाळी लवकर गेलं की झालं ना?

नाही, आणि मला वाटतं निराश होऊन परत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं कारण हेच असतं. झाडांवरच्या पक्ष्यांसाठी पहाट बरोबर आहे, किनाऱ्यावरच्या पाणथळ पक्ष्यांचं घड्याळ मात्र पाण्यावर चालतं. ओहोटीला चिखल किलोमीटरभर उघडा पडला की पक्षी त्यावर विखुरतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात, आणि भरती चढायला लागली की तेच पक्षी पाण्यापुढे मागे सरकत सरकत तुमच्या बाजूला येतात आणि शेवटी एखाद्या उंचवट्यावर, बांधावर, वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीने बसून राहतात. पाणी परत उतरेपर्यंत तिथेच विश्रांती.

म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर पोचायचं आणि भरतीनंतर तास-दीड तास थांबायचं. चढत्या पाण्यात पक्षी जवळ येतात, आणि उतरत्या पाण्यात पहिला चिखल जिथे उघडा पडतो तिथे भुकेलेले पक्षी आधी उतरतात, हे दोन्ही बघण्यासारखं असतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, तेव्हा तिथला तक्ता बघूनच ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि पक्षी जवळ ढकलले जातात, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, असते तेव्हा चिखलाचा काही भाग पूर्ण बुडतच नाही आणि पक्षी लांबच राहतात. उधाण आणि वादळ एकत्र आलं तर मात्र वेगळा विचार करावा लागतो, तो पुढच्या प्रश्नात.

तक्त्यात दिलेली भरती वादळानंतर बरोबर असते का?

वेळ साधारण जवळपास असते, उंची नाही. तक्ता चंद्र-सूर्याच्या हिशोबाने काढलेला असतो, त्यात वारा आणि हवेचा दाब नसतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल कमी झाला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटीमीटर चढते, म्हणजे दाब नेहमीच्या १०१३ वरून ९८३ वर आला तर नुसत्या दाबामुळे ३० सेंटीमीटर पाणी जास्त, त्यावर वाऱ्याने ढकललेलं पाणी वेगळं. वारा समुद्राकडून येत असेल तर ओहोटीही नीट होत नाही, पाणी खाडीत अडकून राहतं. वर पावसाचं पाणी नदीतून उतरत असतं ते आणखी.

याचा अर्थ दोन. पक्ष्यांच्या नेहमीच्या बसायच्या जागा बुडालेल्या असू शकतात, तेव्हा आतले बांध, मिठागरं, किनाऱ्यालगतची मोकळी शेतं बघा. आणि दुसरं तुमच्यासाठी, चिखलात पुढे गेलात आणि पाणी चढायला लागलं तर ते समोरून आधी येत नाही, मागच्या छोट्या नाळांमधून भरतं आणि परतीची वाट आधी बंद होते. त्यामुळे वादळानंतरच्या दिवसांत चिखलाच्या पट्ट्यावर उतरूच नका, काठावरून बघा. काठावरूनच जास्त दिसतं, हे मी भिडेखातर सांगत नाहीये, भरतीला पक्षी काठाकडेच येतात.

बसायला जागा कशी निवडायची?

ऊन पाठीवर घ्या, हिवाळ्यात सूर्य खाली असतो त्यामुळे समोरून ऊन आलं तर सगळे पक्षी काळी सावली होऊन जातात. वाराही जमल्यास पाठीवर घ्या, कारण पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वाऱ्यावरच उतरतात, म्हणजे वारा तुमच्या पाठीकडून वाहत असेल तर थव्याची तोंडं तुमच्याकडे. ऊन आणि वारा एका बाजूला नसतील तर मी ऊन निवडेन.

आभाळाच्या रेषेवर उभं राहू नका, बांधाच्या माथ्यावर माणूस उभा राहिला की फार लांबून दिसतो. झुडुपाला पाठ लावून किंवा बांधाच्या उतारावर बसून राहा आणि मग हलू नका. वीस मिनिटं न हलता बसलेल्या माणसाकडे चिखल्या पक्षी आपणहून चालत येतात.

पक्ष्यांच्या किती जवळ जायचं?

मीटरमधला आकडा सगळीकडे चालत नाही, जागेप्रमाणे आणि पक्ष्याप्रमाणे बदलतो, पण पक्षी स्वतः सांगतात आणि ते वाचता आलं पाहिजे. निवांत थव्यात अर्धे एका पायावर उभे असतात, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. तुम्ही जवळ जायला लागलात की आधी चोची बाहेर येतात, मग एका पायावरचे दोन पायांवर येतात, माना उंचावतात, मग काही जण तुमच्यापासून उलट दिशेला हळूहळू चालायला लागतात, एखादा बारीक ओरडतो. माना उंचावल्या तिथेच थांबा, चालायला लागले तर मागे या. उडाले तर तुम्ही आधीच खूप पुढे गेलेला आहात.

वादळानंतर हे इतकं आवर्जून सांगण्याचं कारण असं की त्या पक्ष्यांना वादळात नीट खायला मिळालेलं नसतं, कित्येकांनी वाऱ्याशी झुंजण्यात अंगातली चरबी संपवलेली असते, आणि भरतीचे ते दोन-तीन तास हीच त्यांची विश्रांती असते. थवा एकदा उडवला की सगळ्यांची ताकद जाते, आणि दुसऱ्याने येऊन परत उडवला की परत. उडणाऱ्या थव्याचा व्हिडिओ छान येतो म्हणून मुद्दाम पळत जाणं किंवा टाळ्या वाजवणं हे मला अजिबात मान्य नाही, आमच्यासोबत कुणी असं केलं तर तिथेच थांबवतो. ड्रोन नको, पक्ष्यांना ते वरून आलेल्या शिकारी पक्ष्यासारखं वाटतं. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं नको. कुत्रा सोबत नको, बांधलेला असला तरी.

आम्ही हललोही नाही तरी सगळा थवा एकदम उडाला, का?

वर बघा. बहुतेक वेळा बहिरी ससाणा किंवा दलदलीवरून खालून तरंगत जाणारा हॅरियर असतो. बहिरी ससाणा आला की तुतवारांचा, म्हणजे सँडपायपरचा, थवा घट्ट गोळा होऊन एकदम वळतो, एका क्षणी पांढरा आणि दुसऱ्या क्षणी करडा दिसतो कारण पोटं आणि पाठी आळीपाळीने आपल्याकडे होतात. ते निसर्गाचं चालू द्या, त्यात आपण भर घालायची नाही एवढंच.

दुर्बीण कोणती चांगली? स्कोप लागतोच का?

८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) घ्या आणि विषय संपवा. १० पट मोठं दिसणारी दुर्बीण वाऱ्यात हात थरथरल्यावर जास्त हलते, आणि ढगाळ प्रकाशात ४२ ला ८ ने भागून येणारा सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्याला पुरेसा उजेड देतो. स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, असेल तर उत्तम, चिखलातल्या पक्ष्यांसाठी त्याचा खरंच उपयोग होतो, पण ग्रुपमध्ये एक पुरतो. वाऱ्यात ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका, खाली बसून वापरा, मधल्या दांड्याला बॅग अडकवा आणि झूम २०-३० च्या वर नेऊ नका.

खाऱ्या हवेचे शिंतोडे काचेवर वाळले की कोरड्या कापडाने पुसायचे नाहीत, मिठाचे कण काच ओरखडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने टिपा. वॉटरप्रूफ दुर्बीण असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुतली तरी चालते.

हिवाळ्यात सगळे करडेच दिसतात, ओळखायचे कसे?

खरंय, विणीचे लाल-काळे रंग गेलेले असतात आणि वादळानंतर पिसंही विस्कटलेली, म्हणून रंगावरून सुरुवातच करू नका. आधी आकार, सोबतच्या ओळखीच्या पक्ष्याच्या तुलनेत. मग चोच, डोक्याच्या मानाने किती लांब, सरळ की खाली वाकलेली की वर. मग पाय. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे तो खातो कसा.

चिखल्या, म्हणजे प्लोवर, मोठ्या डोळ्यांचे असतात, दोन-चार पावलं पळायचं, थांबायचं, बघायचं, टिपायचं. तुतवारांच्या जातीतले मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखे सतत टोचत राहतात कारण त्यांच्या चोचीच्या टोकात दाब ओळखणारी सूक्ष्म इंद्रियं असतात, न दिसणारा किडा त्यांना चिखलातच समजतो. सँडरलिंग लाटेच्या मागे पळतो आणि लाट आली की उलट पळतो, त्याला मागचं बोट नसतं. ग्रे प्लोवर बसलेला असताना साधा करडा, पण उडाला की काखेत काळा डाग दिसतो आणि मग शंका राहत नाही. कर्ल्यू आणि व्हिंब्रल दोघांच्या चोची खाली वाकलेल्या, व्हिंब्रलची आखूड आणि डोक्यावर पट्टे. दोन गॉडविटमधला फरक उडताना बघा, काळ्या शेपटीच्याला पंखावर ठळक पांढरी पट्टी असते, पट्टेदार शेपटीच्याला नसते.

हा पट्टेदार शेपटीचा गॉडविट दिसला तर जरा जास्त वेळ द्या. २००७ मध्ये सॅटेलाईट टॅग लावलेली एक मादी अलास्काहून न्यूझीलंडला न थांबता सुमारे ११,७०० किलोमीटर गेली, आणि २०२२ मध्ये त्याच वर्षी जन्मलेलं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर. वाटेत ना खाणं ना पाणी.

सगळे ओळखता आले नाहीत तर नोंदीत "छोटा तुतवार, अनोळखी" असं लिहायला काहीच हरकत नाही, अंदाजाने नाव टाकण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

थकलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर?

आधी दुरून बघा. वाळूवर बसलेला प्रत्येक पक्षी आजारी नसतो, बरेच नुसते दम खात असतात आणि काही तासांनी स्वतः उडतात. कुत्रे, माणसं, गाड्या यांना लांब ठेवलंत तरी मोठी मदत झाली.

पंख लोंबतोय, रक्त आहे, दोरीत अडकलाय, किंवा कुणी जवळ गेलं तरी हलत नाही, तर वनविभागाला किंवा वन्यजीव वाचवणाऱ्या लोकांना फोन करा आणि ते सांगतील तसंच करा. उचलायला सांगितलंच तर हातमोजे, मास्क, वरून हलकेच टॉवेल टाकायचा, हवेसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा, झाकण लावून अंधारात आणि शांत जागी. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. खायला घालू नका. तेलाने माखलेला असेल तर स्वतः धुवायला जाऊ नका.

तीन गोष्टी खास लक्षात ठेवा. बगळे, पाणकावळे, बूबी हे थेट डोळ्यावर चोच मारतात, चेहरा लांब ठेवा. आणि बूबीची चोच बांधू नका, त्याला बाहेरच्या नाकपुड्या नसतात, तो तोंडाच्या कडेने श्वास घेतो, चोच घट्ट बांधली तर गुदमरेल. पेट्रेल जमिनीवर नीट उभा राहू शकत नाही, पाय फार मागे असतात, म्हणून लोकांना वाटतं पाय मोडलेत आणि कुणी कुणी त्याला परत लाटेत फेकतात. तसं करू नका, तो थकूनच आत आलेला असतो.

आणि मेलेले पक्षी?

हात लावायचा नाही. एच५एन१ बर्ड फ्लू समुद्री पक्ष्यांमध्ये गेल्या काही वर्षांत खूप पसरलाय आणि वादळाने मेला की रोगाने हे बघून कळत नाही. लांबून फोटो, जागा, संख्या, आणि वनविभाग किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. मुलांना लांब ठेवा.

कपडे आणि बूट?

वाऱ्यात ओलं अंग फार पटकन गार पडतं, थंडी कडाक्याची नसली तरी. वरून वारा अडवणारं जॅकेट, आत दोन पातळ थर, सुके मोजे बॅगेत. रंग मातकट. गमबूट चांगले, पण त्यामुळे आपण कुठेही शिरू शकतो असं वाटायला लागतं, ते टाळा. चुकून पाय रुतलाच तर झटके देऊन ओढू नका, मागे झुकून बसा, वजन पसरवा आणि पाय हळूहळू गोल हलवत सोडवा.

वादळाने बांध आतून पोखरलेले असतात, वरून कोरडे दिसले तरी कडेने चालू नका. पाण्यातून बाहेर पडलेले साप कोरड्या बांधांवर आणि ओंडक्यांखाली असतात, हात घालायच्या आधी बघा. तुटलेल्या विजेच्या तारा, खिळे असलेल्या फळ्या, हे तर आहेच.

लहान मुलांना न्यावं का?

हो, पण भरतीचे दोनच तास आणि एकाच जागी. प्रत्येकाला एक पक्षी द्या बघायला, "हा पाच मिनिटांत किती वेळा खातो ते मोज." यादीपेक्षा हे त्यांना जास्त आवडतं.

हजारो पक्षी मोजायचे कसे?

दहा पक्षी नीट मोजा, ते थव्यात किती जागा घेतात ते डोळ्यात बसवा, मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. मोठ्या थव्यात पन्नासाचे किंवा शंभराचे तुकडे. दोघांनी वेगवेगळं मोजून मग बोला, आधी आकडा सांगितला की दुसऱ्याचा त्याकडे झुकतो. थवा बसलेला असताना मोजा, उडाल्यावर नाही.

नोंदीत वेळ, भरतीची अवस्था, वारा आणि किती वेळ बघितलं हे लिहा, त्याशिवाय आकड्याला अर्थ राहत नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, ते २००२ मध्ये सुरू झालं आणि २०१० पासून जगभरातून तिथे नोंदी जमा होतायत. जानेवारीत पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना असते, १९६७ पासून चालू आहे, तिची आशियाई शाखा १९८७ पासून. वादळानंतरची तुमची संख्या त्याच जागेच्या जानेवारीच्या जुन्या संख्यांशेजारी ठेवता येते, म्हणून जागेचं नाव आणि हद्द दरवेळी तीच वापरा.

पायात रिंग किंवा रंगीत झेंडी दिसली, काय लिहायचं?

आधी फोटो, धूसर आला तरी. मग कुठला पाय, पक्ष्याचा डावा की उजवा, आपला नाही. सांध्याच्या वर की खाली. आपल्याला गुडघा वाटतो तो खरं तर पक्ष्याचा घोटा असतो, त्यामुळे नुसतं "सांध्याच्या वर" असं लिहा. रंग वरून खाली क्रमाने, आणि अक्षरं-आकडे दिसले तर तेही. एखादं अक्षर वाचता आलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह टाका, भरू नका. पूर्व आशिया ते ऑस्ट्रेलियाच्या मार्गावर झेंडीच्या रंगांच्या जोडीवरून पक्षी कुठे पकडला होता ते कळतं.

डेन्मार्कमधल्या हान्स ख्रिश्चन मोर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये मैनेच्या जातीतल्या स्टार्लिंगच्या पायात नंबर घातलेल्या ॲल्युमिनियमच्या रिंगा अडकवल्या तेव्हापासून ही पद्धत चालू आहे, आणि ती चालते ती रिंग बघून कळवणाऱ्या माणसांवर.

फोटो काढताना?

फ्लॅश नको. पांढऱ्या पक्ष्याची पिसं जळू नयेत म्हणून एक्स्पोजर थोडं कमी करा. जवळून हवा असेल तर भरतीची वाट बघा.

वादळाने पाणथळ जागेची वाट लागते का?

नेहमीच नाही. चिखल हलतो, काही ठिकाणचे किडे-शिंपले गाळाखाली गाडले जातात, पण लाटांनी वाळूचे नवे उघडे पट्टेही तयार होतात आणि पक्ष्यांना बसायला तसे झाडोरा नसलेले पट्टे हवेच असतात. मोकळा किनारा वादळागणिक थोडा पुढे-मागे सरकतो आणि सावरतो. अडचण येते ती मागे पक्की भिंत किंवा रस्ता असेल तिथे, समुद्र पुढे येतोय आणि चिखलाला मागे सरकायला जागाच नाही, मग पट्टा दरवर्षी अरुंद होत जातो. कांदळवन आणि खाजणं लाटांचा जोर कमी करतात हेही खरं, पाणथळ जागा जपण्यासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात किनाऱ्याच्या पाणथळ जागाही धरलेल्या आहेत. तुमच्या नोंदी दर हिवाळ्याच्या असतील तर पट्टा अरुंद होतोय हे त्यातून दाखवता येतं, आणि भरावाच्या कामावर हरकत घेताना तेच कागद उपयोगी पडतात.

दुसऱ्या दिवशी परत जाऊन काही फायदा आहे का?

आहे, नक्की जा. त्याच जागी बसा, पण घड्याळाची वेळ तीच ठेवू नका, भरतीची अवस्था तीच ठेवा, म्हणजे आदल्या दिवशीपेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा. आतल्या शेतात गेलेले चिखल्या बाहेर आले का, पाणी निवळल्यावर सुरय परत खाडीत सूर मारतायत का, फॅलरोप अजून त्याच कप्प्यात आहे का, हे त्या दिवशी कळतं. आदल्या दिवशीची वही सोबत घ्या.